डागाळलेला म्हणे!

मी घडीचा पडदा बोलतोय. चार लाकडी चौकटी, त्यांवर कागद आणि कागदावर शाईनं उतरवलेली एक कविता. शोभेची वस्तू मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना तसं वाटतं, त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझा जन्म जपानमधल्या क्योतोचा. कविता माझ्याहून फार जुनी. समुद्रापलीकडे पहाऱ्यावर गेलेल्या नवऱ्याशी एक बाई बोलते, एवढंच तिच्यात आहे. त्या बाईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

२००८ साली मला दुबईला आणलं. सिलिकॉन ओएसिसमध्ये प्राचीन जपानी कवितेचं छोटंसं संग्रहालय निघालं होतं. संचालिका हिरोसेबाई जपानच्या, आणि लोकांना फिरवून माहिती द्यायला पुण्याची विभावरी. लोक यायचे, एसीत गार व्हायचे, माझ्यापुढे फोटो काढून निघून जायचे. विभावरी मात्र कविता सांगितल्याशिवाय कुणाला सोडायची नाही.

दसऱ्याला तिनं कामाच्या वस्तूंची पूजा केली. कॉम्प्युटरला, तिकिटाच्या मशिनला हळदकुंकू लावलं आणि त्याच ओघात माझ्या शेवटच्या चौकटीलाही बोट लावलं. कागदच तो, कुंकू पिऊन बसला! हिरोसेबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी मॅम, इट्स अवर पूजा," विभावरी रडवेली होऊन म्हणत राहिली.

खरं सांगू? मला बरं वाटलं. तोवर सगळे मला हातमोजे घालूनच शिवायचे.

तेवढ्यात मंदी आली. क्रेन थांबल्या, पाहुणे आटले, वर्षभरात संग्रहालयाला टाळं लागलं. बाकीच्या वस्तू खोक्यांतून मायदेशी गेल्या. मी डागाळलेला, म्हणून मला टाकून द्यायचं ठरलं. म्हणे डागाळलेला! "माझ्या हातून झालंय, मीच घरी नेते," विभावरी म्हणाली.

दुबईतल्याच अल कुसैसच्या तिच्या हॉलमध्ये मी मावेना. तिचा नवरा शैलेंद्र सिव्हिल इंजिनिअर, त्याचंही प्रोजेक्ट बंद पडलेलं. "व्हिसा कॅन्सल व्हायची वेळ आलीय, विभा, आणि तू हे लगेज वाढवतेस?" त्यानं गिऱ्हाईक शोधलं. हॉटेलांची सजावट करणारा खैरुद्दीन. त्यानं मला बोटांनी वाजवून पाहिलं.

"साब, ये आखिरीवाला खराब है. फ्रायडे को आके काट दूँगा, तीन ले जाऊँगा."

कापणार? मला? कवितेचा शेवट त्याच चौकटीवर आहे! शैलेंद्रनं ती कधी ऐकलीच नव्हती. विभावरीला सगळं माहीत होतं, पण डाग तिचाच, म्हणून ती गप्प राहिली. मला एवढा संताप आला की सांगता सोय नाही.

त्या शुक्रवारी घरात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शैलेंद्र लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये बसला होता. बायका जमल्या, खालच्या मजल्यावरची वसईची डेझीही आली. "विभावरी, नाव घे, नाव घे!" एकच गलका झाला.

विभावरी उठून माझ्यापुढे उभी राहिली. "आज उखाणा नाही. या बाईचं ऐका." आणि एकेका चौकटीपुढे थांबत तिनं सांगितलं,

"तुझी होडी गेली, तिथं आता नुसतं धुकं.
शेजारणी विचारतात, काय काय आणणार तो?
मी हसते, चुलीकडे वळते.
रिकाम्या हातांनी ये. दार मी लावलेलं नाही."

"ही तर आपल्यातलीच," डेझी हळूच म्हणाली.

बेल वाजली. दारात खैरुद्दीन, हातात करवत. मागे बेडरूमचं दार उघडलं. भरल्या हळदीकुंकवात शैलेंद्र बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"खलास, भाई. नहीं देना है."

"साब, जुबान दी थी आपने!"

"दी थी. वापस लेता हूँ."

शैलेंद्रला नोकरी अजून मिळालेली नाही. इथून निघावं लागलंच तर मीही त्यांच्याबरोबर निघेन, अख्खा. तोवर संग्रहालय बंद पडलं म्हणणाऱ्यांनी अल कुसैसला येऊन बघावं. शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजवा, चपला बाहेर काढा, विभावरीकडून शेवटच्या ओळीपर्यंत ऐका. आणि ज्यांना माझ्या तीनच चौकटी हव्यात, त्यांनी परस्पर लिफ्टकडे वळावं.