टॉवेलाखालचा भाव

मी टॉवेल बोलतोय. अंग पुसायचा नव्हे, खांद्यावरचा. ज्याच्या वर माणसं मुकी व्हायची आणि ज्याच्या खाली अख्खा बाजार बोलायचा, तो मी. देशोदेशीचे विद्वान आज ज्यांना 'प्रोफेसर मगदूम' म्हणून मान देतात, त्या अनुजा मगदूम यांची अर्थशास्त्राची पहिली इयत्ता माझ्याच खाली पार पडली. हे त्या स्वतः सांगतात, म्हणून मीही सांगायला लाजत नाही.

माझा जन्म इचलकरंजीतल्या एका मागावर झाला. पांढरं अंग, लाल काठ. मला विकत घेतलं ते बाळासो मगदुमांनी. मुरगूडजवळच्या एका गावात राहणारे बाळासो जनावरांच्या बाजारातले दलाल होते. आवाज असा, की त्यांनी अंगणात हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली म्हैस उठून उभी राहावी. पण सौद्याची वेळ आली की हा गडगडाट एकदम थांबायचा. घेणारा किंवा विकणारा समोर यायचा, मला दोघांच्या हातांवर टाकलं जायचं आणि आत बोटं बोलू लागायची. कुठलं बोट धरलं, किती धरली, मूठ कशी दाबली, यावर भाव ठरायचा. वर दोघांचे चेहरे कोरे, आणि खाली बोटांची कुस्ती! शेजारी उभ्या माणसाला कशाचाच पत्ता नाही.

अनुजा ही बाळासोंची एकुलती एक लेक. त्यांना ती आबा म्हणायची. शाळेला सुट्टी असली की आबांचं बोट धरून बाजारात यायची. एकदा तिनं भर सौद्यात विचारलं, "आबा, टावेल कशाला? तोंडानं सांगा की."

"मग समद्यांस्नी कळंल," आबा म्हणाले.

"कळू दे की! कळलं तर काय हुतंय?"

अडचणीत सापडले की आबा तंबाखू मळायचे. त्या दिवशी बराच वेळ मळत होते.

पोरीनं मात्र तो प्रश्न सोडला नाही. घरी आली की आईच्या हातावर मला टाकायची. तिच्या आईला सगळं घर आक्का म्हणायचं. शेणी कुणी थापायच्या, पाणी कुणी भरायचं, याचे सौदे माय-लेकी माझ्याखाली करायच्या. आक्का दरवेळी हरायची आणि म्हणायची, "बाईऽ, बापापेक्षा वस्ताद निघाली ही!"

पुढं अनुजा कोल्हापूरला कॉलेजात गेली. पहिल्याच वर्षी ती घाईघाईनं गावाकडं आली आणि गोठ्याच्या भिंतीवर तिनं खडूनं दोन रेघा ओढल्या. एक वर चढणारी, एक खाली उतरणारी.

"आबा, ही मागणी आन् हा पुरवठा. दोन्हीची गाठ पडती तिथं भाव ठरतोय."

आबांनी रेघांकडं निरखून पाहिलं. "आन् ह्यात मी कुठं बसतोय?"

"तुम्ही ह्यात न्हाईसाच."

आबांनी त्या दोन्ही रेघा ओल्या शेणानं सारवून टाकल्या. तरी तिला शिकायला विलायतेला जायचं ठरलं तेव्हा त्यांनीच मला खांद्यावरून काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "तिकडं गारठा असतोय म्हनं. जा घिऊन. मी दुसरा घेतो."

असा मी परदेशी गेलो. अनुजाच्या खुर्चीच्या पाठीवर मी असायचो. तिचे गोरे प्राध्यापक मोठे कडक, पण तिनं एकदा त्यांचा हात माझ्याखाली घेऊन बोटांची भाषा शिकवली आणि म्हातारा असा रंगला, की त्यानं आपली छत्री एका दुपारी तिला दोनदा विकली. त्या हसण्या-खिदळण्यातून तिचा पहिला मोठा सिद्धांत उभा राहिला. दर आठवड्याला बाजारात येणाऱ्याला झाकलेला भावही ठाऊक असतो. वर्षातून एकदा बैल विकणाऱ्याला तो ठाऊक नसतो, म्हणून तो स्वस्तात विकतो. तेव्हा भाव उघडा करा, बाकीचं बाजार आपोआप बघेल. तिनं हे गणितानं सिद्ध केलं. कुठं मासळीच्या लिलावात, कुठं फुलांच्या, तिचा नियम लागू झाला. पाठ्यपुस्तकांत मगदूम हे नाव छापलं गेलं. आबांना ते वाचता येत नव्हतं, पण नावावरून बोट फिरवून त्यांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले.

खरा पेच पुढंच होता. अनुजा मायदेशी परतली आणि जनावरांच्या बाजारांत सुधारणा करण्यासाठी नेमलेल्या समितीची प्रमुख झाली. तिनं सांगितलं, टॉवेल बंद, उघडा लिलाव सुरू. आणि पहिला प्रयोग कुठं? तर आपल्याच गावात!

आबांचे जोडीदार दलाल गुंडू भर चौकात कडाडले, "बाळासो, लेक शिकवलीस आन् आमच्यावरच सोडलीस व्हय रं!" आबा मान खाली घालून घरी आले. त्या रात्री बाप आणि लेक एका पंगतीला बसले नाहीत. आक्का परातीशी बसून दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोघंबी एकाच मातीची. आदी जेवा, मग काय त्यो भाव ठरवा." मी अनुजाच्या मांडीवर होतो. तिची बोटं माझा काठ पिळत होती.

प्रयोगाच्या दिवशी शेवंताबाई म्हैस घेऊन आल्या. एकट्या राहणाऱ्या, स्वतः गुरं सांभाळणाऱ्या. मायकावर बोली सुरू झाली. एक वाढवतोय, दुसरा चढवतोय. शेवटी गुंडूंनी दिला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळाला. टाळ्या पडल्या. अनुजानं मला झोकात खांद्यावर टाकलं. आबा मात्र लांब उभे राहून तंबाखू मळत होते.

पुढच्या बाजाराला उघड्या लिलावाकडं एकही जनावर आलं नाही. माईक होता, मांडव होता, खुर्च्या होत्या. माणूस नव्हता. पलीकडं झाडाखाली टॉवेलच टॉवेल पसरले होते. अनुजा उन्हात उभी होती. मला खांद्यावर सावरत ती झाडाखालचे टॉवेल मोजत होती.

समितीतला एक साहेब म्हणाला, "मॅडम, लोक अडाणी आहेत. त्यांना स्वतःचा फायदा समजत नाही."

अनुजा गर्रकन वळली. "अडाणी म्हणू नका. माणूस आपला फायदा बघूनच वागतो, हे मी जन्मभर शिकवलंय. ती येत नाहीत म्हणजे त्यांचा फायदा मला दिसलेला नाही. चूक माझ्या हिशेबात आहे."

ती तशीच चालत शेवंताबाईंच्या घरी गेली. "मावशी, भाव चांगला आला न्हवं?"

"आला की!" शेवंताबाई म्हणाल्या. "पर मायकावर सांगिटलासा. मी घरी पोचायच्या आदी दीर दारात, भाच्याची सासू वसरीवर! धा वर्सांत तोंड न दावल्यालं पावणं उसनं मागाय आलं. च्या करून करून हात दुखलं माझं. पैसं लई आलं बाई, पर घरात ऱ्हायलं न्हाईत."

अनुजा आधी खो खो हसली. मग हसता हसता तिथंच उंबऱ्यावर टेकली. शेवंताबाईंनी पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला. विजेसारखं काहीतरी तिच्या डोक्यात चमकत होतं, तिच्या गळ्यात असल्यामुळं ते मला कळत होतं.

ती धावतच गोठ्यात आली. आबा म्हशीला वैरण टाकत होते.

"आबा, टावेलाखाली दोन गोष्टी झाकत्यात. एक भाव, एक नाव. मी दोन्ही उघडी केली. नाव झाकलंच पायजे, भाव तेवढा दिसला पायजे."

आबांचा हात थांबला. "म्हंजी टावेल ऱ्हानार?"

"ऱ्हानार. सौदा झाला की भाव तेवढा फळ्यावर लिवायचा. दातावरनं किती वर्साची, किती दुधाची, आन् किती भाव. कुणाची, ते न्हाई; सौदा केल्याला दलाल कोन, ते मातर लिवायचं."

"आन् आमच्यासारखा दलाल?"

"खरं बोलणाऱ्या दलालाकडं लोक रांग लावतील."

"आन् खोटं बोलला तर?"

"फळा सांगंल."

आबांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. पुढच्या बाजाराला पहिला भाव त्यांनीच फळ्यावर लिहायला लावला. महिन्याभरात गुंडूंचे भाव सगळ्यांत खाली दिसू लागले आणि त्यांची गिऱ्हाइकं आबांकडं सरकली. मग गुंडूंनीही निमूट भाव वाढवले. वर तोंड करून म्हणाले, "पोरगी बेरकी हाय, पर खरी हाय."

अनुजानं समितीचा अहवाल पुन्हा लिहिला. मोठ्या सभेत उभं राहून तिनं सांगितलं, की आपला पहिला सिद्धांत अर्धा होता. विरोधकांनी टर उडवली. तिनं ती हसून घेतली. पण त्यावर तिनं लिहिलेला दुसरा लेख पहिल्यापेक्षा दूर पोचला. आज जिथं जिथं नाव न सांगता भाव जाहीर होतो, तिथं शिकणारी मुलं तो लेख वाचतात.

आता अनुजा निवृत्त होऊन आई-वडिलांना घेऊन कोल्हापुरात राहते. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळं ते पूर्वीपेक्षाही मोठ्यानं बोलतात. वाद रोज होतो, जेवण मात्र एकत्र. मी विरलो आहे, काठाचा लाल रंग गुलाबी झाला आहे.

गेल्या महिन्यात श्रुती नावाची तरुण प्राध्यापिका आली. विद्यापीठाच्या दालनात मला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं.

"आक्का, टॉवेल कुठाय?" अनुजानं विचारलं.

"भाकरीच्या बुट्टीत!" आतून आवाज आला.

श्रुती दचकली. "मॅडम, अहो, तो इतिहास आहे!"

अनुजा हसली. "जी वस्तू जिथं जास्त उपयोगी, तिथंच ती असावी. आपण वर्गात हेच शिकवतो ना?"

"ह्यांस्नी दात न्हाईत गं," आक्का बुट्टी, म्हणजे भाकरीची टोपली, घेऊन बाहेर आली. "ह्यात गुंडाळली की भाकरी मऊ ऱ्हाती. बस, खाऊन बघ."

श्रुतीनं तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि काचेच्या पेटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हा माझी तुम्हाला एवढीच विनंती. फार मोठा झालो म्हणून मला भिंतीवर टांगू नका. माझ्या अंगाला माणसांचे हात लागू देत, मग ते सौद्याचे असोत की पिठाचे. बरं, बोलणं आवरतं घेतो. तव्यावर भाकरी टम्म फुगली आहे आणि आबा जेवायला वाढा म्हणून ओरडताहेत.