फणसाचा पाट

गुरुप्रसाद टोरोंटोत राहतो आणि मला पॅकिंग शिकवतो! आमच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवण्यात माझी हयात गेली, आणि हा दीडशहाणा व्हिडिओ पाठवतो. "शिवादादा, सोंडेखाली फोम, हातांना बबल रॅप, खोक्यात खोका." केलं बाबा. परदेशी निघालेला गणपती, तोरा तर असणारच.

मूर्ती त्यांच्याच फणसाच्या पाटावर होती. आमच्याकडे घरोघरचे पाट आधी शाळेत येतात, पाटावरच गणपती घडतो. त्याची आई, सुभद्राकाकी, पाट घेऊन आली तेव्हा मी विचारलं होतं, "काकी, मगे तुमच्या घरात गणपती खंय?"

"थंय तेचो संसार आसा रे," म्हणाली आणि गेली. एकटी बाई. तिचा झील, म्हणजे लेक, यायचा तो चतुर्थीलाच. आता गणपतीच तिकडे नेला की येण्याची कटकट मिटली. वा रे पुता!

कुडाळच्या कुरिअरवाल्याने खोका उघडायला लावला आणि पाटावर बोट ठेवलं. "कच्चं लाकूड आहे. भट्टीत तापवल्याचा शिक्का नाही. कीड असेल म्हणून तिकडे अडवतात."

फणसाच्या पाटाला कीड! माझं डोकंच सणकलं. तिथूनच गुरुप्रसादला फोन लावला.

"मग पाट कापून टाका ना दादा," तो म्हणाला. "खाली प्लास्टिकचा ट्रे चिकटवा. कोण बघतंय?"

"तुझी आवस बघता, मेल्या! गणपतीक खोक्यात घालून न्हेतस, आवशीक खंयच्या खोक्यात घालतलस?"

त्याने फोन कापला. कापणारच, दुसरं येतं काय त्याला!

खोका घेऊन थेट काकीच्या दारात गेलो. म्हटलं, बरंच झालं, गणपती आता इथेच राहील, म्हातारी खूश होईल. सगळं सांगितलं, फोनवरचं जरा तिखटमीठ लावून. ती मूर्तीकडे बघत राहिली.

"शिवा, मूर्ती सुटात काय रे पाटावरसून?"

"सुटात. पण कित्याक?"

"सोडव आणि धाड तेका."

"आणि तुमच्या घरात?"

"नको रे," काकी म्हणाली. "घरात गणपती आसलो काय आरतीक सगळो वाडो येता. आणि येणारो परत्येक जण विचारता, झील इलो नाय?"