पिंड घेणारी मशीन

तेरवीच्या सकाळी आमच्या शेडसमोर एवढी गर्दी जमली की एस.टी.ला हॉर्न वाजवत वाट काढावी लागली. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत इतकी माणसं बोनस वाटतानाही दिसत नाहीत. सगळे बाबांच्या मशीनचं दर्शन घ्यायला आले होते.

दहाव्याला बाबांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. नातेवाइकांनी हात जोडून नाना वचनं दिली, तरी कावळे झाडावरून उतरले नाहीत. शेजारच्या लग्नातल्या उष्ट्या पत्रावळ्यांवर ते तट्ट जेवले होते, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. आईच्या मनात मात्र सल राहिला. तो सल रंगरावकाकांनी, बाबांच्या भागीदारांनी, बरोबर हेरला. दुसऱ्याच दिवशी ते लोहनाथ महाराजांना घेऊन आले.

"शेषरावचा आत्मा मशीनमंदी अडकला," महाराजांनी डोळे मिटून सांगितलं. "म्हणून त माल वाकडा निघून राह्यला."

माल वाकडा निघत होता, हे खरं. बाबा गेल्यापासून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग यंत्रांच्या चाकांची भोकं बाजूला पडत होती आणि गिऱ्हाइकं चाकं परत पाठवत होती.

मशीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी. आकडे दिले की तिचा लोखंडी पाट आपोआप सरकतो आणि वरचं हत्यार ठरल्या जागी भोक पाडतं. तेरवीला महाराजांनी त्या पाटाच्या मधोमध भाताचा पिंड ठेवला आणि बटणांची पेटी भगव्या शालीनं झाकली. "हे यंत्राचे डोळे हायत. उघडे ठेवले त आत्मा बुजते." शालीला लागूनच रंगरावकाका उदबत्ती धरून उभे राहिले.

"अलख! शेषराव, तुले काय पायजे?" महाराज गरजले.

कौशल्याआत्या पुढं झाली. "दादा, वहिनीले मी सांभाळीन."

पाट हलला नाही.

"मंजुळाचं माहेर तुटू देणार नाही." आत्यानं माझ्याकडं बोट केलं.

पाट तसाच.

"लय रुसून हाय बे बुढा!" मागून कोणी तरी कुजबुजलं.

महाराज आईकडं वळले. "माय, तू बोल. त्याच्या मनातलं बोल. शेड कोणाले देशीन?"

आईनं हात जोडले. "रंगरावभाऊजीले देऊन टाकीन."

पाट घरघरला आणि पिंडासकट मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. त्याच कोपऱ्याशी बाबांचं स्टूल असायचं. आईनं जमिनीवर डोकं टेकलं. रंगरावकाकांचे डोळे पाणावले होते.

या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा पाहिली आहे. आपलाच संशय खोटा निघावा, असं मला मनापासून वाटत होतं.

मी शालीखाली हात घालून हातचाक फिरवलं आणि पाट पुन्हा मध्यावर आणला.

"अवं, विटाळ होते!" महाराज ओरडले.

"पुन्हा विचारा," मी आईपाशी परत जाऊन म्हणाले. "काका, तुम्ही माझ्याजवळ येऊन उभे राहा."

"काऊन वं?"

"घरचं माणूस जवळ असावं."

इतक्या लोकांसमोर त्यांना यावंच लागलं. महाराजांनी आरोळी ठोकली, आईनं वचन दिलं. पाट जागचा हलला नाही.

"आत्मा थकला," महाराज म्हणाले.

"पिंड त तसाच हाय, उपाशी असन!" गर्दीतून आवाज आला आणि लोक हसले.

मी शाल काढली. आईचं बोट धरून एका बटणावर ठेवलं. "काही देऊ नको. नुसतं दाब."

पाट निघाला आणि कोपऱ्यात गेला.

मग मी सांगितलं. बंद करून चालू केली की या मशीनला आपण कुठं आहोत हे ठाऊक नसतं. म्हणून हे बटण दाबून तिला आधी घरी धाडतात. कोपऱ्यात एक कळ आहे. पाटाचा ठोकळा तिच्यावर आला की मशीन समजते, हे घर. पुढची सगळी मोजमापं तिथून. बाबा रोज सकाळी हेच करायचे, आणि मी शेजारी उभी राहून शिकायचे.

पाट पुन्हा मध्यावर आणून आईला बटण दाबायला लावलं. तो निघाला तेव्हा मागच्या उघड्या बाजूनं लाकडी पट्टीनं ती कळ मीच दाबून सोडली. पाट अर्ध्या वाटेतच थांबला.

"आत्म्यानं बिऱ्हाड बदललं का, महाराज?"

महाराज चपला शोधत होते.

"मंग वाकडा माल?" आत्यानं विचारलं.

मशीनचं घर ठरलेलं असतं. पण पाटावर बांधलेल्या चाकाचं शून्य, म्हणजे मध्य, कुठं धरायचं, तो आकडा माणूस देतो. मी एक चाक बांधलं आणि हत्यार शून्यावर बोलावलं. ते चाकाच्या मध्यावर यायला हवं होतं, उतरलं करंगळीभर बाजूला. कोणी तरी आकडा बदलला होता. बाबांनंतर या मशीनला एकाच माणसाचा हात लागत होता.

आई उठून रंगरावकाकांसमोर गेली. "भाऊजी, मांगितली असती त म्या शेड अशीच देली असती. त्याइले काऊन भूत केलं?"

काका उदबत्ती विझवत राहिले. ती विझल्यावरही.

ज्या घरातलं माणूस गेलं, तिथं प्रश्न विचारणं जड जातं, आणि फसवणारा त्याच जडपणावर जगतो. म्हणून सांगते, अशा घरी चमत्कार दिसला तर जिवंत माणसांचे हात कुठं आहेत ते आधी पाहा. जे झाकलंय ते उघडायला लावा. मेलेल्या माणसाला काहीच नको असतं. ज्याला हवं असतं तो जिवंत असतो, आणि बहुधा आपल्याच ताटात जेवलेला असतो.