धोंड्याच्या महिन्यातला ट्रेलर

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, पण आला की मोतीरामसारख्याची कंबर वाकवूनच जातो. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे द्यायचे आणि तो वाण म्हणून जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. कुणाचा जावई अंगठी मागतो, कुणाचा मोबाइल. मोतीरामच्या जावयाला, लासूर स्टेशनच्या विश्वजीतला, होडीचा ट्रेलर बदलून हवा होता.

होडी फायबरची, चार माणसांची. आजवर ती विश्वजीतच्या घरच्या ट्रॅक्टरमागे नाथसागर धरणावर जायची. आता त्याला ती स्वतःच्या गाडीमागे न्यायची होती, आणि गाडी कसली, तर हौसेनं स्प्रिंगा कापून जमिनीला टेकवलेली. ट्रॅक्टरचा हूक मांडीएवढ्या उंचीवर, हिचा पोटरीशी. मोतीरामची वेल्डिंगची शेड पुंडलिकनगरात घराच्या अंगणातच होती आणि तीस वर्षं त्यानं ट्रॉल्याच जोडल्या होत्या. तीन दिवस खपून त्यानं ट्रेलर खाली बसवला. ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली होता तो वर घेतला, हुकात अडकणारा पुढचा दांडा कापून खालच्या अंगाला जोडला. होडी मात्र मुद्दाम थोडी पुढे ठेवली, म्हणजे दांडा हुकावर दाबून बसेल आणि ट्रेलर रस्त्यावर हेलकावणार नाही. त्या गाडीत त्याची एकुलती एक मुलगी मोनाली बसणार होती, आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची श्रेया.

जेवताना मोनाली वाढायला वाकली तेव्हा तिची बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे काळेनिळे डाग होते. असेच डाग मोतीरामनं दिवाळीतही पाहिले होते आणि तेव्हाही तो आतासारखाच ताटात पाहत बसला होता. जावयाला असं काही विचारायचं असतं का, असं तो मनाशी म्हणायचा, आणि उत्तर दर वेळी सोयीचंच यायचं.

जेवणं झाल्यावर ट्रेलर जोडला. गाडीचा मागचा भाग दबला आणि फाटकाच्या उंबऱ्यावर सायलेन्सर खरवडला. विश्वजीत तडक गाडी मागे घेऊन खाली उतरला.

"मामा, हे काय करून ठेवलं? गाडी पार बसली. लोक हसतील मला."

"पाव्हणं, तेवढी बसणारच. वजन पुढंच पाहिजे. मागं गेलं तर वेगात ट्रेलर शेपूट हलवतो अन् गाडीला घेऊन पालथा व्हतो."

"आमच्या घरी आजोबापासून ट्रॅक्टर हाय. मला नका शिकवू. होडी दीड हात मागं घ्या."

"ट्रॅक्टर जड असतो, हळू चालतो. त्याला खपतं. या गाडीला नाय खपायचं."

"वाण मागितलंय मामा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाय म्हणता?"

मोतीरामची बायको दगडाबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं, की घ्या मागं आणि मिटवा. मोतीरामनं होडीचं तोंड अडवणारा टेकू कापला, दीड हात मागे जोडला आणि होडी मागे ओढली. वैऱ्याच्या ट्रॉलीलाही त्यानं असं काम करून दिलं नसतं. जावई म्हटल्यावर या शहाण्या माणसानं अक्कल खुंटीला टांगली.

मग त्यानं दांडा हुकातून सोडवून उचलून पाहिला. तो दोन बोटांवर अलगद वर आला. म्हणजे सगळं वजन मागे गेलं होतं. तोवर विश्वजीतनं दांडा दाबून हुकात अडकवला, मायलेकींना गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली. मोतीराम धावत जाऊन फाटकात उभा राहिला.

"पोरींना ठेवून जा पाव्हणं. तुमचं तुम्ही जा."

विश्वजीत उतरला आणि त्यानं सासऱ्याच्या तोंडात मारली. अंगठीनं ओठ फाटला. मोतीराम पडला, उठला, पुन्हा फाटकातच उभा राहिला. या वेळी लाथ पोटात बसली आणि दुपारचं पुरण रक्तासकट बाहेर आलं. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. खाली कुणी आलं नाही.

"अहो, सोडा त्यांना," म्हणत मोनाली उतरली. विश्वजीतनं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. "बस आत," एवढंच म्हणाला. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. गाडीतली श्रेया रडली नाही. तिनं सवयीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

मोतीराम शेडकडे धावला आणि घण घेऊन आला. पहिला घाव त्यानं दांड्यावर घातला, आपल्याच जोडावर. दुसऱ्या घावाला जोड उलला, तिसऱ्याला दांडा सुटला आणि अख्खा ट्रेलर मागच्या मागे उलटला. होडीचा मागचा भाग फरशीवर आपटून तिला उभी भेग गेली. विश्वजीत गाडीतली लोखंडी टॉमी घेऊन आला आणि त्यानं ती सासऱ्याच्या खांद्यावर हाणली. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा मोतीरामनं त्याच्या हातावर घण घातला. वाळकी फळी मोडावी तसं हाड मोडलं. विश्वजीत खाली बसून गुरासारखा ओरडू लागला. मोतीरामनं घण पुन्हा उचलला, या वेळी गुडघ्यावर घालायला. त्याला ते आवडू लागलं होतं. दगडाबाईनं त्याच्या हाताला लटकून घण सोडवला.

तो धापा टाकत मुलीकडे गेला.

"बघितलं पोरी? ट्रेलर कसा मागं पडला ते? रस्त्यावर तुमचा दोघींचा जीव गेला असता."

मोनालीनं श्रेयाला गाडीतून काढून कडेवर घेतलं होतं. पदरानं ती भुवई दाबत होती.

"आप्पा, जीव घरात जात व्हता. सहा वर्षं," ती म्हणाली. "दिवाळीत तुम्ही दंड बघितला व्हता ना माझा?"

"व्हय."

"आज जेवतानी पण बघितला."

"व्हय."

"अन् उठलात कधी, तर होडी मागं गेली तेव्हा."

 मोनाली त्याच्या अंगावरून घरात गेली. दगडाबाई मागोमाग गेली, तिला तेवढं मोनालीनं आत घेतलं. मग आतून कडी लागली, आणि सासरा-जावई दोघंही अंगणात राहिले.