शून्य अडवणारा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या प्रोग्रॅम आहे. इस्पितळाच्या जिन्याखालच्या कॉम्प्युटरमध्ये माझे बिऱ्हाड. खाली प्रयोगशाळा, वर वॉर्ड, आणि दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांचा जावाजावांसारखा अबोला! खालचे रक्ताचे अहवाल वर पोचवायचे, एवढेच माझे काम.

मला घडवणारी ताई फार चौकस. आधी आठ दिवस ती प्रयोगशाळेतल्या काकूंशेजारी स्टुलावर बसून राहिली. तेव्हा तिला काकूंची एक रीत कळली. नळीतले रक्त गोठले की तपासणी होत नसे. पण यंत्र रकाना रिकामा घेत नसे, म्हणून काकू तिथे शून्य टाकत. ताईने मला बजावले, "शून्य दिसलं की अडव. वर लिही, रक्त पुन्हा घ्या."

नऊ वर्षे मी ते इमानाने केले. मग एक गोडबोल्या विक्रेता माझेच काम करणारे नवे साधन घेऊन आला. "या चौकटीतून त्या चौकटीत रेघ ओढली की अहवाल पोचला, साहेब!" दाखवायचे अहवाल त्याने स्वतःच बनवून आणलेले, सगळे निर्मळ, एकही शून्य नसलेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. काकूंना तर कोणी बोलावलेही नाही!

इस्पितळाचे साहेब भुलले. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मात्र म्हणाल्या, "म्हातारं दोन दिवस सोबत चालू द्या."

"सिस्टर, तुमचा कशावरच विश्वास नाही!"

"देवावर आहे की! यंत्र मात्र पारखून घ्यावं."

दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणलेल्या एका मुलीचा अहवाल आला. नव्या साधनाने तो क्षणात वर पोचवला: प्लेटलेट्स शून्य. डॉक्टर ओरडले, "रक्तपेढीला फोन लावा! लगेच चढवायच्या!" सिस्टर धावत जिन्याखाली आल्या. त्या दोन दिवसांत माझे निरोप वर न जाता माझ्याच पडद्यावर उमटत; तिथे लिहिले होते: रक्त पुन्हा घ्या.

"थांबा डॉक्टर! तपासणी झालेलीच नाही!"

पुन्हा रक्त घेतले. प्लेटलेट्स ठीक निघाल्या. मुलीच्या वडिलांनी हात जोडले; कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

विक्रेत्याने माझा नियम नव्याला पाच मिनिटांत शिकवला. मी त्याला लबाड समजत होतो, मित्रांनो. बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते!

उद्या मला बंद करणार आहेत. त्याचे दुःख नाही. पण पुढच्या महिन्यात काकू निवृत्त होतात. त्यांच्या जागी येणारी व्यक्ती शून्य टाकेल की नऊशे नव्याण्णव, हे विचारायला खाली कोण जाणार? माझी शंका काही फिटत नाही.

साधन कोणतेही निवडा, बाळांनो. पण ते स्टूल अजून प्रयोगशाळेत आहे. आधी त्यावर जाऊन बसा.