शेंडा नसलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरी टोपी आहे. टोपी म्हटले की तुम्ही लगेच डोके शोधू लागाल. शोधू नका. मी आजवर एकाही डोक्यावर बसलेली नाही, आणि तरीही आमच्या बेटावर माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्याही टोपीला मिळालेला नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. फुशारकी मारण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ आहे.

उंच डोंगरांमधल्या तितिकाका सरोवरातल्या एका बेटावरची शाळा हे माझे जन्मस्थान. आमच्याकडे बायका लोकर कातायला बसतात आणि पुरुष टोप्या विणतात. मुलगा थोडा मोठा झाला की सायकलच्या चाकाच्या तारा घासून त्याला सुया करून देतात. मग तो मानेभोवती लोकर घेऊन चालताना, बोलताना, मेंढ्या राखताना विणतच असतो. पहिली टोपी पुरी झाली की ती चौकात उलटी धरून तिच्यात पाणी ओततात. पाणी राहिले तर पोरगा हाताचा पक्का. गळाले तर लग्न होईपर्यंत गाव त्याला ते ऐकवत राहते.

त्या वर्षी बेटावरचा आन्सेल्मो नौदलाच्या 'एस्त्रेया' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. मोठ्या शिडांचे ते जहाज तरुण खलाशांना शिकवत कित्येक महिने दर्यावर फिरायचे. शाळेतल्या ओदिलाबाईंच्या मनात आले की आपल्या वर्गानेही या जहाजाबरोबर जगभर फिरावे. बाकावर बसूनच! दर सोमवारी आरोग्य केंद्रातल्या बिनतारी संचावर जहाजाचा निरोप यायचा. जहाज कुठे आहे, हवा कशी आहे, पुढचे बंदर कोणते, सारे त्यात असे. मुले नकाशावर अंतर मोजायची, देशांची नावे शिकायची, आणि सफरीच्या प्रत्येक दिवसाची एक फेरी विणायची. शांत समुद्राला निळी लोकर, खवळलेल्या समुद्राला पांढरी, बंदराला लाल. ती वीण म्हणजेच मी.

गावाचे प्रमुख तायता मेलचोर (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तायता म्हणतात) बेटावरचे सर्वांत नामांकित विणकर होते. त्यांना हे सारे थेर वाटले.

"बाई, सरोवर काय कमी पडलं म्हणून पोरांना समुद्र दाखवताय?" ते पालकांच्या सभेत म्हणाले. "लोकर गावाची, संचाची बॅटरी गावाची. बरं, एक करू. जहाज परत आलं की टोपीत मी स्वतः पाणी ओतेन. राहिलं, तर दरवर्षी शिकवा. गळलं, तर हा समुद्र बंद."

अशी माझ्या जन्मालाच अट लागली.

पण वर्गाला तिची फिकीर नव्हती. मुले जहाजाला प्रश्न पाठवायची. बटाटे किती उरले? तिथे मेंढ्यांना ठेवता येईल का? एकदा त्यांनी विचारले, "समुद्राचा दुसरा काठ कसा दिसतो?" आन्सेल्मोने कळवले, "दिसतच नाही." वर्गात हलकल्लोळ माजला. इथून तर पलीकडचे बर्फाचे डोंगर रोज दिसतात!

"थापा मारतोय," एक जण म्हणाला.

"धुकं असेल तिथे," वर्गातली तोमासा म्हणाली. तिची टकळी आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगाने चालत. "धुकं हटलं की दिसेल."

मग बाईंनी एक मोठा बटाटा आणला, त्यावर मुंगी सोडली, आणि मुंगीला बटाट्याची दुसरी बाजू का दिसत नाही हे दाखवले. पृथ्वी गोल आहे हे आमच्या वर्गाला बटाट्याने शिकवले, आणि तो बटाटा नंतर कोणीही शिजवू दिला नाही.

आन्सेल्मोचा धाकटा भाऊ कासिमिरो याच वर्गात होता. विणण्यात तो अगदीच कच्चा. त्याची वीण इतकी सैल की तोमासा म्हणायची, "याच्या टाक्यांतून मासळी पळून जाईल!" त्याची पाळी आली की बाकीचे कपाळाला हात लावायचे. मला मात्र त्याचे हात आवडत. ते कधी ओढाताण करत नसत.

जहाज दक्षिणेकडे, खंडाच्या वादळी टोकाकडे निघाले आणि एका सोमवारी निरोप आला नाही. पुढच्या सोमवारीही संच नुसता खरखरत राहिला. मुलांनी सुया खाली ठेवल्या.

"रंगच माहीत नाही, तर विणायचं काय?" एकाने विचारले.

"दिवस तर गेले ना?" कासिमिरो म्हणाला. "दादा कुठेतरी आहे ना? मग फेरी पडायलाच हवी."

त्याने टोपलीतून न रंगवलेली तपकिरी लोकर उचलली. मेंढीच्या अंगावर असते तशीच. त्याने मला मांडीवर घेतले आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मित्रांनो, त्या दिवसांतले त्याचे हात मी जन्मात विसरणार नाही. मानेवरची लोकर तो इतकी ताणून घ्यायचा की तिथे वळ उठायचा. टाके एकमेकांत रुतत होते, सुया करकरत होत्या. मला श्वास घेता येईना, पण मी तक्रार केली नाही. त्याला कशाला तरी घट्ट धरून ठेवायचे होते, आणि त्याच्या हातात मीच होते.

तिसऱ्या सोमवारी संच बोलला. वादळात जहाजाची बिनतारी यंत्रणा मोडली होती, माणसे सगळी सुखरूप होती. कासिमिरोने माझ्यात तोंड खुपसले आणि तो हमसून हमसून रडला.

"रड रे, आता खुशाल रड," तोमासा स्वतःचे डोळे पुसत म्हणाली. "फक्त लोकर भिजवू नकोस!"

पुढची सफर आनंदात गेली. शेवटच्या फेऱ्यांसाठी तर मुलांत मारामाऱ्या झाल्या. एक डोळा सुयांवर आणि एक धक्क्याकडे ठेवून सगळ्यांनी घाईघाईने माझा शेंडा बांधला, आणि आन्सेल्मोची होडी बेटाला लागली.

सारे गाव चौकात जमले. तायता मेलचोरांनी मला उलटे धरले आणि घडा वाकवला. मी अंगातले सारे बळ एकवटले. पण शेंडा आनंदाच्या भरात विणलेला, भलताच सैल. एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. मग धार लागली.

"गळली," मागून कोणीतरी म्हणाले. ओदिलाबाईंनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तायतांनी उरलेले पाणी ओतून टाकले आणि ते माझ्यावरून सवयीने बोट फिरवू लागले. तपकिरी पट्ट्यापाशी बोट थांबले. तिथे बाहेरून ओलाव्याचा ठिपकाही नव्हता. त्यांनी नखाने उचकटून पाहिले. नख शिरेना.

"हे कोणी विणलं?"

"मी," कासिमिरो म्हणाला.

"तू? मासळीवाला?" लोक हसले. तायता हसले नाहीत. "केव्हा विणलंस?"

"दादाचं काहीच कळत नव्हतं तेव्हा."

आन्सेल्मोला ते ठाऊक नव्हते. तो पुढे आला आणि पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिला.

तायतांनी माझ्या शेंड्याची गाठ सोडली आणि धागा ओढला. टाके भराभर उसवू लागले. मुले ओरडली. मला वाटले, संपले सारे. पण सैल भाग उसवून होताच तायतांनी सुया मागितल्या, उघडे टाके एकेक करून त्यांवर चढवले आणि मान वर केली.

"आन्सेल्मो, जहाज पुन्हा कधी निघणार?"

"मार्चमध्ये, तायता."

"मग ही टोपी पुरी झालीच कुठे? अर्धवट टोपीत पाणी ओतायला मी काय वेडा आहे?" त्यांनी सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिले. "पुरी होईल तेव्हा बघू. तोवर बाई, शिकवा तुमचा समुद्र."

त्या मार्चमध्ये नवा वर्ग आला, नवी फेरी पडली. तेव्हापासून मी वाढतेच आहे. आज मला उलगडले तर मी दारापासून फळ्यापर्यंत पोहोचते. माझ्या अंगावर चार महासागर आहेत आणि लाल बंदरे तर मलाही मोजता येत नाहीत. मधूनच तपकिरी पट्टेही आहेत, कारण निरोप पुढेही चुकले. प्रत्येक पट्टा तितकाच घट्ट आहे, विणणारे हात मात्र दर वेळी निराळे. तायता गेले, त्यांच्या मागून आलेल्या कोणीही माझा शेंडा बांधा म्हटले नाही.

पण मित्रांनो, दोन वर्षे झाली, मी कपाटात आहे. आता भिंतीवरच्या पडद्यावर 'एस्त्रेया' एका ठिपक्याच्या रूपात सरकते. ठिपका छान आहे, माझे त्याच्याशी वैर नाही. पण एखाद्या दिवशी तो दिसेनासा झाला, तर तुम्ही हातात काय धरणार? मला कसर लागू देऊ नका. अधूनमधून उन्हात ठेवा. काचेच्या पेटीत ठेवून माझा सत्कार तर मुळीच करू नका. सुया अजून माझ्या टाक्यांत आहेत, तपकिरी लोकर टोपलीच्या तळाशी आहे, आणि मार्चमध्ये जहाज निघते आहे.