चोचीतली काडी

मी सहावीच्या वर्गातलं पोस्टर बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं. दार आपटलं, डस्टर पडला, कोणी नुसतं शिंकलं, तरी माझे चारही कोपरे थरथरतात.

माझा जन्म प्लेवेन शहरातल्या एका छापखान्यात झाला. अंगावर निळं आभाळ, एक घरटं आणि पंख पसरलेला करकोचा. खाली ठळक अक्षरं: ‘उंच उडा, मागे वळून पाहू नका!’ तिथून गुंडाळी होऊन डॅन्यूबकाठच्या या गावात आले. तेव्हा वर्गात बाकं पुरत नसत. आता मागच्या रिकाम्या बाकांवर जुने नकाशे ठेवतात.

माझ्या शब्दांच्या पोटात आणखी एक वाक्य दडलंय, हे मला मुलांमुळे कळलं. मोठी माणसं मला वाचतात आणि विसरतात. मुलं मात्र अर्थ लावत बसतात. एकदा दोब्री म्हणाला, “म्हणजे गावात राहिला तो ढ! मग बाई, तुम्ही का नाही उडालात?”

“मला उंचीची भीती वाटते,” मिंचेवा बाई म्हणाल्या. “खाली बस.”

सगळे हसले. रालित्सा तेवढी हसली नाही. तिची आई, झोर्नित्सा, इटलीत एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. इथे घरी फक्त आजी. आईने फोनवर सांगितलं होतं, “करकोचा दिसला की कळव, मी येतेच.” मागच्या वर्षीही ती असंच म्हणाली होती, आणि आली नव्हती.

एक मार्चला इथे सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. पहिला करकोचा दिसला, की तो सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. यंदा थंडी हटेना, करकोचा येईना. एका सकाळी रालित्साने दोरा सोडला आणि माझ्याकडे बोट केलं.

“हा बघा, दिसला.”

“कागदाचा चालत नाही!” दोब्री ओरडला. “आणि हा तर निघालाय. खाली वाच की!”

“निघाला नाहीये. येतोय.”

“कशावरून गं, शहाणे?”

ती बाकावर चढली. तिचं बोट मला लागलं आणि मी शहारले. “चोचीत काडी आहे. जाणारा काडी कशाला नेईल? घरट्यासाठी आणलीये त्याने.”

बाईंनी चष्मा लावला, अगदी नाक टेकेपर्यंत जवळ आल्या. “अगंबाई, खरंच की!”

मग त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री काढली. संपलं आपलं, मला वाटलं. पण त्यांनी फक्त माझी खालची ओळ कापली. खरं सांगते, हलकं वाटलं.

“दोरा मात्र परत बांध हं,” त्या रालित्साला म्हणाल्या. “खऱ्याची वाट बघू.” आणि माझा फोटो काढून त्यांनी तिच्या आईला पाठवला.

काही दिवसांनी शाळेच्या धुराड्यावर खराखुरा करकोचा उतरला. सगळी मुलं खिडकीकडे धावली. रालित्साने आईला कळवलं. मग नुसती वाट पाहणं. दार वाजलं की ती मान वळवायची, आणि मी दचकायची.

ईस्टर तोंडावर आला असताना दार वाजलं. झोर्नित्सा! दोन्ही हातांत बॅगा, आणि इतक्या उन्हात दंडावर जाडजूड लोकरी कोट. रालित्सा तिला घट्ट बिलगली. तिला तसंच कवेत घेऊन झोर्नित्सा माझ्यासमोर आली. मी तिला ओळखलं. लहानपणी ती याच वर्गात, खिडकीजवळ बसायची.

“रोज समोर होतं,” ती म्हणाली, “पण काडी दिसलीच नाही गं मला.”

“तू खालचं वाचत होतीस,” रालित्सा म्हणाली.

बाईंनी हळूच विचारलं, “कोट कशाला आणलास एवढा?”

“इथे हिवाळ्यात लागेल ना, बाई.”

रालित्साचा दोरा आता खिडकीबाहेरच्या आलुबुखाराच्या झाडावर आहे. मला इथून दिसतो. माझा रंग उडालाय, उंची कमी झालीय. एवढंच मागते: भिंतीवर काही लावाल, तेव्हा ते आधी एखाद्या मुलाला दाखवा, आणि त्याला काय दिसतं ते ऐका.

दार वाजलं की मी अजून दचकते. पण आता वाटतं, कोणीतरी आलं असेल.